आधी मास्तर, मग मशीन

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीची विषयपत्रिका तुमच्या हातात आहे. सोयाबीनची खरेदी, कापसाचा भाव, रात्रीची वीज, पीकविम्याचे अडकलेले पैसे. या यादीच्या शेवटी कोणीतरी पेनाने एक शब्द वाढवला आहे, 'शाळा'. तो मीच वाढवला. संघटनेच्या बैठकीत शाळेचा विषय कशाला, असे काही जण सकाळपासून मला विचारत आहेत. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या महिन्यात एका गावी बैठकीला गेलो होतो. गाव लहान, ८०-९० उंबऱ्यांचे. भावाचे बोलणे संपले, माणसे चपला शोधायला लागली, तेवढ्यात मागे बसलेली एक बाई उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, आमच्या शाळेत १४ पोरं राहिलीत. साहेब आले होते. एवढ्या पोरांसाठी दोन मास्तर परवडत नाहीत म्हणाले. पोरं गाडीनं ५ किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत न्यायची म्हणतात. तिथं भिंतीएवढा टीव्ही आहे, आता एआय आलंय, तेच शिकवतं म्हणतात. हे खरं का? अन् खरं असलं तर चांगलं का वाईट?"

मी शेतकीचा पदवीधर. कपाशीवर कोणती कीड आहे हे पान उलटून सांगेन. पण त्या ताईला मी उत्तर देऊ शकलो नाही. "माहिती घेऊन सांगतो" म्हणालो, म्हणजे अगदी सरकारी उत्तर दिले. त्यानंतर मिळेल ते वाचले, चार शाळांत जाऊन मागच्या बाकावर बसलो, शिक्षकांशी बोललो. त्या ताई आज इथे आल्या आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज सगळ्यांसमोर द्यायचे आहे.

आपण यंत्राचे वैरी नाही

पहिली गोष्ट. "मोबाईलने पोरे बिघडली" या पारावरच्या तक्रारीत मला सामील करू नका. आपण यंत्राचे वैरी नाही, कधीच नव्हतो. नवे बियाणे, ठिबक, ट्रॅक्टर, मळणीयंत्र हे सगळे शेतकऱ्याने हात पुढे करून घेतले. आपली तक्रार वेगळीच राहिली आहे. जगात जे चांगले निघते ते आपल्यापर्यंत उशिरा येते, महाग येते आणि बऱ्याचदा भेसळ होऊन येते. शिक्षणाच्या यंत्राकडेही याच नजरेने बघायचे. यंत्र चांगले की वाईट हा प्रश्न शहाणा शेतकरी विचारत नाही. तो विचारतो, माझ्या रानात चालेल का, दुरुस्ती कोण करणार आणि हप्ता कोण भरणार?

आणि यंत्र खेड्यातल्या शाळेत चालते, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले. मुलाने मोबाईल धरला की कविता ऐकू येणार, धडा दिसणार. २०१७ साली राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांत ही पद्धत घेतली, पुढे ती देशभर गेली. २०२० साली डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षीस १० लाख डॉलरचे. त्यातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिला.

आता पुरस्काराचे नाव पुन्हा ऐका. जागतिक शिक्षक पुरस्कार. क्यूआर कोडला बक्षीस मिळालेले नाही. तो कोड कोणत्या मुलासाठी, कोणत्या धड्याला, कोणत्या दिवशी उघडायचा हे ठरवणाऱ्या माणसाला मिळाले. माझे सगळे भाषण या एका वाक्यात आहे. बाकीचा वेळ मी त्याचा हिशेब मांडणार आहे.

शाळा बंद, मोबाईल चालू

यंत्राने शाळा चालते का, याचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच पोरांवर झाला आहे. कोणी संमती विचारली नाही, तशी वेळही नव्हती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. आपल्या राज्यात ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, पहिली ते चौथीचे १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे मार्च २०२० ला पहिलीत असलेले पोर परत वर्गात बसले तेव्हा कागदावर तिसरीत होते.

या काळात सांगितले गेले, शाळा बंद पण शिक्षण चालू. 'प्रथम' संस्था ग्रामीण मुलांची पाहणी करून 'असर' नावाचा अहवाल काढते. त्यातले आकडे सांगतो. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरात स्मार्टफोन असलेली २०१८ साली ३६.५ टक्के होती. सप्टेंबर २०२० ला ती ६१.८ टक्के झाली. दोन वर्षांत एवढे फोन कशाने आले? कोणी शेळी विकली, कोणी उचल घेतली. पोराचे शिक्षण थांबू नये म्हणून गरिबाने हे केले. आणि मिळाले काय? ज्या आठवड्यात पाहणी झाली, त्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास पोचला तो जेमतेम एक तृतीयांश मुलांना. फोन आला, शिक्षण पोचले नाही.

दुसरा आकडा. सरकारी शाळेतले तिसरीचे पोर दुसरीचा धडा वाचू शकते का? २०१८ साली १०० पैकी जवळपास २१ वाचू शकत होती. मुळात हाच आकडा लाजेचा आहे. शाळा बंद राहिल्यावर, २०२२ साली, तो १६ वर आला. शाळा उघडल्या, लहान मुलांच्या वाचन-गणितावर भर देणारी मोहीम देशभर चालली, आणि २०२४ साली तो २३ च्या वर गेला. शाळेचे दार बंद झाले तेव्हा आकडा पडला, दार उघडून मास्तर वर्गात उभा राहिला तेव्हा चढला. फोनांची संख्या मात्र या सगळ्या काळात वाढतच होती.

२०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. मागच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले का, असे विचारल्यावर ५७ टक्के हो म्हणाले. समाजमाध्यमांवर गेला होतात का, असे विचारल्यावर ७६ टक्के हो म्हणाले. यात पोरांना दोष देऊ नका. बाजारात ज्या मालाची जाहिरात जास्त, त्याचा खप जास्त.

जाहिरातीवरून आठवले. बायजूज नावाची कंपनी आठवते का? ॲपवर शिकवायची, क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर तिचे नाव होते. २०२२ साली तिची किंमत २२ अब्ज डॉलर धरली गेली. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तेजी-मंदी आपल्याला नवी नाही, कांद्यात आपण दरवर्षी बघतो. पण कांदा पडला तर पुढच्या वर्षी पीक बदलता येते. पोराचे सातवीचे वर्ष पुन्हा पेरता येत नाही. ज्याचे दुकान वर्षाच्या मध्ये बंद पडू शकते, त्याच्या हाती गावची एकुलती शाळा देता येत नाही.

एआय म्हणजे काय आणि त्याचा खरा फायदा

आता या नव्या पाहुण्याकडे येऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घरोघरी झाले. हे काय आहे? जगातला प्रचंड मजकूर यंत्राला वाचायला दिला. त्यातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याची सवय त्याला लागली. तुम्ही प्रश्न विचारला की या सवयीच्या जोरावर ते उत्तर जुळवते. मराठीतही जुळवते. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते. चुकते तेव्हाही तितक्याच ठाम आवाजात चुकते. कीटकनाशकाच्या दुकानातला नवा पोरगा असतो ना, "माहीत नाही" हा शब्द त्याला शिकवलेलाच नसतो, तसे.

पण त्याचा फायदा मी झाकणार नाही. हे यंत्र पोरावर खेकसत नाही. दहा वेळा विचारले तरी अकराव्यांदा सांगते. जात विचारत नाही, बापाचा सातबारा बघत नाही. रात्री अकराला दिवा लावून बसलेल्या मुलीला गणित अडले तर तिने कोणाकडे जायचे? ज्याच्याकडे पैसा आहे तो पोराला लातूरला शिकवणीला ठेवतो, त्याहून जास्त असला तर कोट्याला पाठवतो. ज्याचा कापूस पडेल भावात गेला त्याची पोरगी घरीच बसते. अशा मुलीच्या हातात हे यंत्र आले तर ती फार मोठी गोष्ट आहे. इंडियाच्या पोराला मिळते ते भारताच्या पोराला मिळालेच पाहिजे. एआय नको म्हणणारा ठराव कोणी मांडला तर मी त्याच्या विरोधात हात वर करीन.

मग घोडे अडते कुठे? एक प्रयोग सांगतो. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे १,००० विद्यार्थ्यांवर तो झाला. विषय गणित. मुलांचे तीन गट केले. एका गटाला यंत्र दिलेच नाही. दुसऱ्याला साधे एआय दिले, काहीही विचारा, उत्तर घ्या. तिसऱ्या गटाच्या यंत्राला शिक्षकांनी आधीच बजावून ठेवले होते की उत्तर द्यायचे नाही, फक्त पुढची पायरी सुचवायची.

सराव करताना दुसऱ्या गटाचे गुण यंत्र नसलेल्या मुलांपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले. तिसऱ्याचे १२७ टक्क्यांनी वाढले. सगळे खूश. मग यंत्र काढून घेतले आणि परीक्षा घेतली. ज्यांना यंत्र उत्तरे देत होते, त्या मुलांचे गुण यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आले. तिसऱ्या गटाचे नुकसान झाले नाही. पण सरावात दिसलेली ती भरघोस वाढही परीक्षेत दिसली नाही.

याचा अर्थ मला तुम्हाला समजावून सांगावा लागणार नाही. युरिया टाकला की पीक हिरवेगार दिसते. बांधावरून जाणारा म्हणतो, वा! पण नुसत्या युरियाने पाला माजतो, पीक लोळते, दाणा भरत नाही. पोराची वही हिरवीगार दिसते म्हणून दाणा भरला असे समजू नका.

आता उलट बाजूचा प्रयोग. नायजेरियात बेनिन सिटी या शहरात २०२४ साली शाळा सुटल्यानंतर सहा आठवडे मुलांना एआयच्या मदतीने इंग्रजी शिकवले. तिथे शिक्षक वर्गात हजर होते. आज काय विचारायचे, आलेल्या उत्तराचे काय करायचे हे ते सांगत होते. त्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा स्पष्ट जास्त दिसली. आणि तिसरे उदाहरण पेरू देशाचे. तिथे मुलांना १० लाखांवर लॅपटॉप वाटले, पण वर्गातल्या शिकवण्याशी त्यांची सांगड घातली नाही. युनेस्कोने २०२३ च्या अहवालात लिहिले आहे की त्याने शिकणे सुधारले नाही.

तुर्कस्तान, नायजेरिया, पेरू. तीन मुलुख, हिशेब एकच. मास्तरसोबत यंत्र असले तर फायदा होऊ शकतो. मास्तरच्या जागी यंत्र आले तर पैसा तरी जातो, नाहीतर पोराची अक्कल तरी जाते.

तुरीचे खोड

मी ज्या चार शाळांत बसलो, त्यातल्या एका शाळेची गोष्ट सांगतो. नववीचा वर्ग. एका पोराने मोठ्या उत्साहाने मला मोबाईल दाखवला. "सर, आमची तूर वाळायलीय. मी एआयला विचारलं." यंत्राने सुंदर मराठीत उत्तर दिले होते. हा मर रोग आहे, बुरशीने होतो, अमुक बुरशीनाशकाची फवारणी करा. शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगले होते. पोराचा बाप त्याच दिवशी औषध आणायला निघणार होता.

मी म्हणालो, चल, शेत दाखव. गेलो. एक वाळलेले झाड उपटले, खिशातला चाकू काढला आणि पोराच्या हातात दिला. "खोड उभे चीर." त्याने चिरले. मर असती तर सालीखाली, लाकडात, काळपट-तपकिरी रेघा वर चढलेल्या दिसल्या असत्या. आत पांढरे स्वच्छ होते. मग आम्ही वाकून जमीन बघितली. शेताचा तो कोपरा खोलगट होता, वरच्या बांधाचे पाणी तिथे साचत होते. मुळ्या काळ्या पडून कुजल्या होत्या. तिथे औषध बांधावरची माती फोडून पाण्याला वाट करून देणे हे होते. त्याचा खर्च एका कुदळीचा.

आणि समजा मर असती, तरी पानावर फवारून काय होणार? ती बुरशी जमिनीत राहते, मुळातून आत जाते. तिच्यासाठी पेरणीआधी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, पिकाची फेरपालट आणि मर रोगाला दाद न देणारे वाण. आपल्या बदनापूरच्या केंद्राने काढलेले बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे असे वाण आहेत.

मी यंत्राची टवाळी करायला हे सांगत नाही. उद्या ते यंत्र सुधारेल, आणखी बरोबर उत्तर देईल. पण खोड चिरून बघायचे असते हे पोराला कोण शिकवणार? आलेल्या उत्तरावर चाकू चालवायचा असतो, ही सवय कोण लावणार? ती सवय माणूस माणसाला लावतो. मला ती विद्यापीठातल्या एका सरांनी लावली, चिखलात उभे करून. ज्या पोराला ही सवय आहे त्याच्या हातात एआय म्हणजे ट्रॅक्टर. ज्याला ती नाही, त्याच्या हातात ते म्हणजे दुकानदार.

हा सिनेमा आपण पाहिला आहे

दुकानदार हा शब्द मी मुद्दाम वापरला. शाळांचे आता होऊ घातले आहे ते शेतीचे आधीच होऊन गेले आहे. यंत्रावरून सल्ला मिळणे आपल्याला नवे नाही. जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले. फोन करा, आपल्या भाषेत उत्तर घ्या. सोय चांगली आहे, मी आजही लोकांना वापरायला सांगतो. पण गावात येणारा माणूस? त्याच्याकडे एवढी गावे आणि एवढे कागद दिले की बांधावर यायला त्याला वेळच उरला नाही. अलीकडे कृषी सहायकाचे नाव बदलून सहायक कृषी अधिकारी झाले. नाव वाढले, गावे कमी झाली नाहीत.

मग रिकाम्या जागी कोण आला? काउंटरवरचा माणूस. आज कोणती फवारणी करायची हे कोण सांगते? जो बाटली विकतो तोच. डॉक्टरही तोच, औषधवालाही तोच. एका बाटलीत भागते तिथे तीन येतात. त्या दुकानदारांत माझे मित्र आहेत, सगळे लबाड नाहीत. पण ज्याचे पोट विक्रीवर आहे त्याचा सल्ला विक्रीकडेच झुकणार. हा स्वभावाचा नव्हे, व्यवहाराचा नियम आहे.

शाळेतून मास्तर उठला की त्याच्या खुर्चीवर हाच व्यवहार येऊन बसेल. आधी फुकट, मग "पूर्ण धड्यासाठी पैसे भरा", मग "तुमचे मूल मागे पडते आहे, हा कोर्स घ्या". पोर विद्यार्थी राहणार नाही, गिऱ्हाईक होईल. सरकार शेतीतही एआय आणत आहे. राज्याने जून २०२५ मध्ये त्यासाठी ५०० कोटींचे धोरण मंजूर केले. आणा, स्वागत आहे. पण बांधावरचा माणूस काढून नको आणि वर्गातला मास्तर काढून तर मुळीच नको.

परवडत नाही, कोणाला?

आता त्या साहेबांच्या शब्दाकडे येतो. "परवडत नाही." सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त होत्या. त्या कुठे आहेत? वाडीवर, तांड्यावर, पाड्यावर, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीवर. मोठ्या शाळेत मैदान असते, प्रयोगशाळा असते, सोबती असतात, हे खरे आहे. पण पावसाळ्यात ओढा भरला की गाडी येत नाही. गाडी आली नाही की सहा वर्षांचे पोर घरी राहते आणि बारा वर्षांची पोरगी कायमची घरी राहते.

परवडत नाही हे वाक्य जुने आहे. १८८२ साली जोतिराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या पोरांवर होतो, हे त्यांनी तेव्हा मांडले. खेड्यातल्या शाळेला शेतकऱ्याच्या घरचा, वेळ पडली तर नांगर धरू शकणारा शिक्षक द्या, असे त्यांनी मागितले. त्यांनी इमारत मागितली नाही, माणूस मागितला. पुढे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, तीही माणसांच्या जोरावर. म्हणून मी म्हणतो, १४ पोरांना दोन मास्तर म्हणजे चैन नव्हे. कीटकनाशकाच्या बाटलीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण कर भरतो, त्यातला तो आपला वाटा आहे. भीक नाही.

आता केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय शिकवायचे. चांगले आहे. पण जिथे एकच मास्तर चार वर्ग सांभाळतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, निवडणुकीची यादी करतो, दिवसभर ऑनलाइन माहिती भरतो, तिथे हा विषय कोण शिकवणार? एआय एवढे हुशार असेल तर आधी मास्तरच्या डोक्यावरचे हे कागद त्याच्याकडे द्या. मास्तरला फळ्याकडे जाऊ द्या. यंत्राचा पहिला उपयोग तोच व्हावा.

आरसा

सरकारला बोललो, आता आपल्याला बोलतो. त्या गावात १४ पोरे का राहिली? जन्म कमी झाले, माणसे शहरात गेली, हे आहेच. पण रोज सकाळी सात वाजता पिवळी गाडी येते आणि ज्याला थोडे परवडते त्याचे पोर इंग्रजी शाळेत घेऊन जाते, हेही आहे. मी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. माझी मुलगी तालुक्याच्या खासगी शाळेत जाते. गावच्या शाळेत पाचवीला शिक्षक नव्हता म्हणून मी तिला काढले. काढले, पण शिक्षक मिळावा म्हणून एक अर्जसुद्धा केला नाही. ज्याला ओरडता येत होते तो निघून गेला आणि ज्याला ओरडता येत नाही त्याचे पोर मागे राहिले. अशा शाळा आपणही बंद पाडतो. त्या ताईने विचारले तेव्हा मी गप्प बसलो, त्याचे हेही एक कारण होते.

काय करायचे

आता कार्यक्रम. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. बऱ्याच गावांत ही समिती फक्त सहीपुरती आहे. प्रत्येक गावातल्या आपल्या कार्यकर्त्याने महिन्याभरात तिची बैठक लावायची आणि पाच प्रश्न लिहून विचारायचे.

एक. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत आहे का? ही अंतरे राज्याच्याच नियमात आहेत.

दोन. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याचा किमान आकडा आहे. आपल्याकडे आहेत का? नसतील तर जागा कधीपासून रिकामी आहे?

तीन. टीव्ही, टॅब, एआय काहीही आले तरी वीजबिल, नेट आणि दुरुस्ती तीन वर्षे कोण भरणार? लेखी घ्या. धूळ खात पडलेले संगणक मी त्या चारपैकी दोन शाळांत पाहिले.

चार. पोराचे नाव, आवाज, फोटो, गुण ही माहिती कोणाकडे जाते? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती मागतो. कोणत्या कागदावर अंगठा देतो ते आधी वाचून घ्या.

पाच. हे यंत्र उत्तर देते की विचार करायला लावते? हे तपासायला पदवी लागत नाही. महिन्यातून एकदा समितीने वर्गात बसायचे. पोराला धडा मोठ्याने वाचायला सांगायचे, मग मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचे. दाणा भरला की नाही ते लगेच कळते.

आता त्या ताईंना उत्तर. ताई, साहेबांनी सांगितले ते निम्मे खरे आहे. एआय आले आहे, ते कामाचे आहे आणि तुमच्या १४ पोरांना ते मिळालेच पाहिजे. पण ते शाळेच्या बदल्यात देत असतील तर तो सौदा खोटा आहे. बैल नवा देतो, तुझे शेत मला दे, असा तो सौदा आहे. ग्रामसभेत तुम्ही असा ठराव मांडा: आमची शाळा आमच्या गावात, तिच्यात दोन शिक्षक, आणि त्यांच्या हाताखाली यंत्र. आधी मास्तर, मग मशीन. त्या ग्रामसभेला संघटनेचे कार्यकर्ते येतील. मी स्वतः येईन आणि माझ्या गावच्या पाचवीच्या शिक्षकासाठी केलेल्या अर्जाची पोच घेऊन येईन. तो अर्ज या सोमवारी जातो आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या गावच्या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. भाषणे कमी करू, ते कागद वाचू.

आता पुढचा विषय घ्या, सोयाबीनची खरेदी. मी थांबतो.